गाडीच्या पोटातलं तेल

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आपण एरवी बचतीवर बोलतो, परसबागेवर बोलतो, मोहफुलाच्या लाडवांवर बोलतो. आज मी पिकअप गाडीच्या डिफरेन्शियलमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये कोणतं तेल टाकावं, यावर बोलणार आहे. हा गड्यांचा विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांना एकच विचारते : गाडीचा बँकेचा हप्ता कोणाच्या बचतीतून जातो? आपल्या. मग तिच्या पोटात काय ओततात, ते आपल्याला माहीत असायला हवं.

गेल्या काही वर्षांत आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत गटांनी, ग्रामसंघांनी, ग्रामसभांनी गाड्या घेतल्या. धान, मोहफूल, तेंदूपत्ता, बांबू, हिरडा, सगळं वाहायचं असतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला, आणि मग आपला माल आपण वाहू ही गोष्ट पुष्कळ गावांच्या डोक्यात शिरली. रस्ते आपले कसे आहेत हे मी सांगायला नको. डांबर संपलं की मुरूम, मुरूम संपला की चिखल, आणि मध्ये नाला. म्हणून आतल्या भागातल्या काही गटांनी फोर बाय फोर पिकअप घेतली, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी.

इथं माझं मत सांगून टाकते. वरोरा, भद्रावतीकडच्या डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या गटाला फोर बाय फोरची गरज नाही. ती महाग असते, डिझेल जास्त खाते आणि तिची देखभाल दुप्पट. पण एटापल्ली, भामरागड, कोरची, सिरोंचाच्या आतल्या गावांत, जिथं पावसाळ्याचे चार महिने नाल्याशी गाठ असते, तिथं ती कामाची आहे. रात्री-बेरात्री बाळंतपणाची बाई घेऊन निघायची वेळ आली तर त्या चार चाकांचं मोल कळतं.

आता गाडीच्या खाली वाकून बघू. साध्या पिकअपमध्ये इंजिनाच्या तेलाशिवाय आणखी दोन ठिकाणी घट्ट तेल असतं : गिअर बॉक्स आणि मागचं डिफरेन्शियल. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो मोठा गोल फुगवटा दिसतो, तेच डिफरेन्शियल. आपले मिस्त्री त्याला डिफ्रेन्सल म्हणतात. फोर बाय फोरमध्ये आणखी दोन ठिकाणं वाढतात : पुढच्या चाकांचं वेगळं डिफरेन्शियल, आणि गिअर बॉक्सला लागून बसवलेली ट्रान्सफर केस. ही ट्रान्सफर केस इंजिनाचा जोर पुढं आणि मागं वाटून देते. ड्रायव्हरच्या बाजूचा दुसरा छोटा दांडा किंवा फिरवायचं बटण असतं ना, ते तिचंच. आपल्या देशातल्या गाड्यांसाठी ट्रान्सफर केस बनवणारी दिवगी टॉर्कट्रान्सफर ही कंपनी पुण्याची आहे. म्हणजे ही काही परदेशातून आलेली जादू नाही.

तर एकूण चार पेट्या, आणि चारही ठिकाणी तेल. सर्व्हिसिंगच्या वेळी गाडी खड्ड्यावर लागली की चौघींची चौकशी करायची. पुढचं डिफरेन्शियल हटकून विसरलं जातं. 'पुढची चाकं वर्षातून चार महिनेच लागतात' असं म्हणून त्यातलं तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं. पण नाल्यात उतरताना पहिलं पाणी त्यालाच लागतं.

डिफरेन्शियल करतं काय? खळ्यावर बैलांनी धान चुरलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच कळेल. मधल्या मेढीला बैलांची ओळ बांधलेली असते. मेढीजवळचा बैल जागच्या जागी पाय उचलतो, आणि बाहेरच्या टोकाचा बैल त्याच वेळात मोठा फेरा मारतो, जवळजवळ पळतो. दोघांना एकाच वेगानं चालायला लावलं तर दावं तुटेल. गाडी वळते तेव्हा तसंच होतं. आतलं चाक कमी चालतं, बाहेरचं जास्त. दोन्ही चाकांना जोर मिळावा, पण ज्याला जितकं चालायचं तितकं चालू द्यावं, हे काम डिफरेन्शियलमधले दाते करतात.

पुढच्या आणि मागच्या चाकांचंही असंच असतं. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात. आपल्या बहुतेक पिकअपच्या ट्रान्सफर केसमध्ये ह्या फरकाला सामावून घेणारी सोय नसते. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, म्हणून सगळा ताण दात्यांवर आणि साखळीवर येतो. 'जोर जास्त लागतो' म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर बाय फोर लावून भरलेली गाडी नेणारा ड्रायव्हर गाडी तोडतोय, हे त्याला शांतपणे सांगायचं. कोणतंही तेल त्यातून वाचवणार नाही.

आता तेलाकडे येऊ. डिफरेन्शियलमध्ये एक छोटं दातेरी चाक असतं, पिनियन, आणि एक मोठं, क्राउन. पूर्वी पिनियन क्राउनच्या बरोबर मध्यावर लागत असे. मग गाडीची उंची कमी करायला आणि दाते भक्कम करायला पिनियन थोडं खाली सरकवलं. ह्या रचनेला हायपॉइड म्हणतात. फायदा झाला, पण एक अडचण आली. दाते आता एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. जात्याची खालची-वरची पाळी कोरडी फिरवली तर काय होईल, तसा प्रकार. इतक्या दाबात साधं तेल दोन दात्यांच्या मधून पिळून बाहेर जातं आणि लोखंड लोखंडाला लागतं.

त्यावर उपाय म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं मिसळतात. दाते तापले की ती द्रव्यं धातूवर एक पातळ थर धरतात आणि तो थर झिजतो, दाते वाचतात. डिफरेन्शियलचं तेल उघडलं की नाकाला जो उग्र वास झोंबतो तो ह्या गंधकाचा. एक गोष्ट वाचली तेव्हा मी थक्क झाले होते. अशा दाबाच्या तेलांमध्ये आणि स्वयंचलित गिअरच्या तेलांमध्ये अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत देवमाशाचं तेल मिसळत. देवमासे संपत आले, त्या तेलावर बंदी आली आणि मग रसायनशास्त्रज्ञांना दुसरी द्रव्यं शोधावी लागली. आपण जंगलातली माणसं, आपल्याला ही गोष्ट ऐकल्यासारखी वाटते.

डब्यावर ही ताकद दोन इंग्रजी अक्षरांनी लिहिलेली असते : जीएल, आणि पुढं आकडा. आपल्याला दोनच लक्षात ठेवायचे आहेत, जीएल-४ आणि जीएल-५. हायपॉइड डिफरेन्शियलला जीएल-५ लागतं, कारण त्यात ही दाब सोसणारी द्रव्यं जास्त असतात.

इथं मिस्त्री म्हणेल, 'मग गिअर बॉक्सलाही पाचच टाकतो, जास्त चांगलं.' थांबवा त्याला. गिअर बॉक्समध्ये गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा असतात. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर काय होतं ते आपल्याला शिकवायला नको. कळकतं. जीएल-५ मधली काही द्रव्यं तापलेल्या पितळेला तशीच लागतात, हळूहळू खातात. म्हणून पुष्कळ कंपन्या गिअर बॉक्सला जीएल-४ सांगतात आणि डिफरेन्शियलला जीएल-५. उलट केलं, डिफरेन्शियलला चार टाकलं, तर भरल्या गाडीत चढावर दाते झिजतात. मोठा आकडा म्हणजे मोठी गुणवत्ता नव्हे. चार आणि पाच ही दोन कामांसाठीची दोन तेलं आहेत.

दुसरा आकडा घट्टपणाचा. ८०डब्ल्यू-९०, किंवा ८५डब्ल्यू-१४०, किंवा नुसतं ९०. गॅरेजमध्ये 'नव्वद नंबर' म्हणतात ते हेच. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ८०डब्ल्यू म्हणजे शून्याखाली २६ अंशांतही ते तेल अमुक मर्यादेपेक्षा घट्ट होणार नाही, अशी कसोटी आहे. आपल्याकडे तसली थंडी कधी पडत नाही. मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल मात्र आपल्या थंडीतही थिजतं, त्यावरून तेल थंडीत कसं वागतं याचा अंदाज येतो. आपल्या कामाचा आकडा नंतरचा, ९० किंवा १४०. तेल १०० अंशांना तापल्यावर किती घट्ट राहतं ते हा आकडा सांगतो.

एक गैरसमज फार आहे. इंजिनात चाळीस नंबरचं तेल, डिफरेन्शियलमध्ये नव्वद, म्हणजे डिफरेन्शियलचं तेल दुपटीहून घट्ट, असं लोक समजतात. तसं नाही. इंजिनाच्या तेलाची मोजपट्टी वेगळी आणि गिअरच्या तेलाची वेगळी. तापल्यावर नव्वदचं गिअर तेल साधारण चाळीस-पन्नासच्या इंजिन तेलाइतकंच घट्ट असतं. पायली आणि किलोचे आकडे आपण एकमेकांसमोर ठेवत नाही, तसंच हे. पण म्हणून इंजिनाचं उरलेलं तेल डिफरेन्शियलमध्ये ओतायचं नाही. घट्टपणा सारखा असला तरी त्यात ती दाब सोसणारी द्रव्यं पुरेशी नसतात.

मग नव्वद की एकशे चाळीस? चंद्रपूरचा उन्हाळा सत्तेचाळीस अंशांच्या घरात जातो. तेंदूच्या हंगामात गाडी भरून दिवसभर चालते. म्हणून काही मिस्त्री सरसकट एकशे चाळीस टाकतात. माझं म्हणणं असं की आधी गाडीची पुस्तिका उघडा. पुष्कळ पुस्तिकांत तापमान आणि ओझ्याप्रमाणे कोणता घट्टपणा चालेल ते छापलेलं असतं. त्यात एकशे चाळीसला परवानगी असेल आणि गाडी कायम भरलेलीच चालत असेल, तर उन्हाळ्यापुरता विचार करा. परवानगी नसेल तर नव्वदच ठेवा. जास्त घट्ट तेल घुसळायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि डिझेल जातं. ताक जाड असलं की रवी फिरवताना हात भरून येतो, तेच.

मागच्या डिफरेन्शियलमध्ये घसरण रोखणारी खास रचना असेल, तर काही वेळा तेलाच्या डब्यावर एलएस ही दोन अक्षरं असलेलं तेल लागतं. आपली गाडी तशी आहे का, तेही पुस्तिकेतच दिसेल. पुस्तिका इंग्रजीत असते ही आपली अडचण खरी आहे. पण गावात दहावी-बारावी शिकलेली एक पोरगी असते. तिच्याकडून तेलांचं ते एक पान मराठीत लिहून घ्या आणि गाडीच्या दारावर आतून चिकटवून ठेवा.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा : ट्रान्सफर केस. ती गिअर बॉक्सला चिकटलेली असल्यामुळे मिस्त्रीला वाटतं की दोघींना एकच तेल. काही गाड्यांत तसं असतंही. जुन्या जीपच्या घडणीच्या, नुसत्या दात्यांवर चालणाऱ्या ट्रान्सफर केसला गिअरचं घट्ट तेल लागतं. पण नव्या पद्धतीच्या बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये आत साखळी असते, आणि तिला पातळ तेल सांगितलेलं असतं, ज्याला एटीएफ म्हणतात. ते बहुधा लाल असतं. अशा पेटीत नव्वद नंबर ओतलं तर ते साखळीच्या कड्यांत आणि आतल्या बारीक वाटांत हवं तसं पोचत नाही. उलट घट्ट तेल मागणाऱ्या पेटीत पातळ लाल तेल टाकलं तर दाते आवाज करायला लागतात आणि झिजतात. बाहेरून बघून साखळी आहे की दाते हे कळत नाही. म्हणून इथं अंदाज चालत नाही. गाडीचं मॉडेल आणि साल सांगून पुस्तिकेतून किंवा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरातून विचारूनच तेल आणायचं.

आणि रंगावर जाऊ नका. लाल हा नुसता रंग आहे, मिसळलेला. लाल तेल स्टिअरिंगलाही लागतं आणि त्यांच्यातही प्रकार आहेत. डब्यावरचं नाव वाचायचं.

पैशाचा हिशोब आता सांगते, कारण ह्यातच खरं दुखणं आहे. गडचिरोलीच्या एका ग्रामसंघाची गाडी मी जवळून पाहिली आहे. पावसाळाभर ती नाल्यातून जात-येत राहिली. दिवाळीनंतर मागून हुंकारल्यासारखा आवाज यायला लागला. वेग धरला की आवाज वाढायचा, पाय सोडला की बदलायचा. ड्रायव्हरदादानं सांगितलं, पण धान निघायचे दिवस होते, म्हणून 'चालू द्या' झालं. डिसेंबरात गाडी बसली ती खरेदी केंद्राच्या वाटेवर, पोती भरलेली असताना. उघडली तर आत तेल नव्हतंच, चहासारखं दुधाळ पाणी होतं. क्राउन आणि पिनियन दोन्ही गेले होते, बेअरिंगला गंज. गाडी नऊ दिवस उभी राहिली. त्या नऊ दिवसांत व्यापारी गावात आला आणि हमीभावापेक्षा कमी दरानं धान घेऊन गेला, कारण बायांना घरात पैसा हवा होता. दुरुस्तीचा खर्च हजारोंत गेला, आणि त्या महिन्याचा हप्ता गटांनी आपल्या अंतर्गत बचतीतून भरला. मागच्या डिफरेन्शियलमध्ये तेल बसतं साधारण दोन लिटरच्या आसपास. काही शे रुपये लिटरचं तेल.

बैठकीत सगळ्यांनी ड्रायव्हरला धरलं. मला ते पटलं नाही. नाल्यातून गेल्यावर तेल तपासायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तपासायला अर्धा दिवस गाडी उभी करायची परवानगीही कोणी दिली नव्हती.

पाणी आत जातं कसं, ते समजून घ्या. भरलेली गाडी दहा-वीस किलोमीटर चालली की डिफरेन्शियल हात लावता येणार नाही इतकं तापतं. आतली हवा तापून फुगलेली असते. तशीच गाडी नाल्याच्या गार पाण्यात उतरली की लोखंड एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. गरम डब्याचं झाकण लावून गार पाण्यात ठेवलं की झाकण आत ओढलं जातं, तसंच. ओढायची वाट कोणती? धुऱ्यावर एक बोटभर नळी किंवा छोटी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात, गाडीचं नाक म्हणा. ती पाण्याखाली गेली की हवेऐवजी पाणी आत जातं. जुन्या झालेल्या सीलमधूनही जातं.

ह्याला स्वस्त उपाय आहे आणि तो मला सगळ्या तेलांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्या ब्रीदरला तेल सोसणारी रबरी नळी जोडून ती वर, चेसिसच्या उंच भागापर्यंत नेऊन क्लिपनं बांधायची, तोंड खाली वाकवून. पुढच्या डिफरेन्शियलला, मागच्याला, आणि ट्रान्सफर केसलाही. काही गाड्यांना ती कंपनीतूनच येते, पण तपासा, कारण बांधलेली क्लिप तुटून नळी लोंबकळत असते. आणि ती नळी मोकळी आहे ना हेही बघायचं. आपल्याकडची कुंभारमाशी अशा नळ्यांत मातीचं घर हमखास करते. नाक बंद झालं तर तापलेली हवा बाहेर पडायला वाट शोधते, सील फोडते, आणि तेल चाकाच्या ड्रमवर जाऊन ब्रेक लागेनासे होतात. ही गोष्ट जिवावरची आहे.

नाल्याजवळ आल्यावर दहा-पंधरा मिनिटं गाडी थांबवून धुरा थोडा निवू द्यावा, तेवढा ओढ कमी होतो. आणि पुलावरून, रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही, चार चाकं असोत की सहा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, तेव्हा शहाणी माणसं अलीकडे थांबतात. थांबायचं.

नाला ओलांडून आलात, आता तपासणी. गाडी सपाट जागेवर रात्रभर उभी ठेवा. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली बसतं. सकाळी डिफरेन्शियलच्या तळाचा प्लग किंचित सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. खाली वाटी धरा. आधी पाण्याचे थेंब आले तर पाणी गेलंय हे नक्की. तेल आलं तर प्लग घट्ट करा. पण गाडी पाण्यानंतर बरीच चालली असेल तर पाणी आणि तेल घुसळून एकजीव होतं आणि खाली बसत नाही. म्हणून वरचा प्लग उघडून बोट बुडवून रंगही बघायचा. दुधाळ, चहासारखं दिसलं तर तेल ताबडतोब बदलायचं. वरून भर घालून भागत नाही.

तेल बदलताना एक युक्ती ड्रायव्हरला नक्की सांगा : भरायचा वरचा प्लग आधी उघडायचा, मग खालचा. पुष्कळ लोक आधी खालचा काढतात, तेल सगळं सांडतं, आणि मग गंजलेला वरचा प्लग काही केल्या निघत नाही. गाडी तिथंच, पोट रिकामं. गाडी थोडी चालवून तेल कोमट असताना काढलं की घाणही बरोबर निघते. खालच्या प्लगला पुष्कळदा लोहचुंबक असतं. त्यावर काजळासारखा बारीक लगदा असेल तर काळजी नाही, तेवढी झीज होतेच. पण कणी, पापुद्रे किंवा दात्याचा तुकडा निघाला तर तो कागदात बांधून ठेवा आणि गाडी मिस्त्रीला दाखवा. नवं तेल भरायचं ते गाडी सपाटीवर असताना, भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत. काठावरून ओघळायला लागलं की पुरे. ठासून भरलं तर फेस होतो आणि सीलमधून बाहेर येतं.

बदलायचं कधी? पुस्तिकेत किलोमीटर दिलेले असतात, प्रत्येक गाडीचे वेगळे. पण त्याच पुस्तिकेत जड ओझं, धूळ, चिखल आणि पाणी असा कठीण वापर असेल तर लवकर बदला असंही लिहिलेलं असतं. आपला वापर तोच आहे. मी गटांना सांगते, पावसाळा संपला, पोळा-दसरा झाला, की धानाच्या हंगामाआधी दोन्ही डिफरेन्शियल आणि ट्रान्सफर केस एकदा उघडून बघा. पाण्यात गेलेली गाडी असेल तर तिन्ही बदला, किलोमीटर मोजत बसू नका. काही जणी महागाचं सिंथेटिक तेल टाकू का विचारतात. पुस्तिकेत तेच सांगितलं असेल तर टाकावंच लागेल. नाहीतर आपल्या कामाला चांगल्या कंपनीचं साधं जीएल-५ वेळेवर बदललेलं परवडतं. महागाचं तेल टाकलं की माणूस म्हणतो आता दोन वर्षं बघायला नको, आणि नाला तर महाग-स्वस्त ओळखत नाही.

आता खरेदी. तेल सुट्टं घ्यायचं नाही, पिंपातून काढून दिलेलं तर मुळीच नाही. सरकारी कंपन्यांची सर्वो, एचपी, मॅक ही नावं तालुक्याच्या पेट्रोल पंपांवरही मिळतात, किंवा गाडीच्या कंपनीचं तेल घ्या. सीलबंद डबा गटाच्या बाईच्या समोर फोडायचा. आणि बिलावर नुसतं 'गिअर ऑईल ५ लिटर' असं लिहिलेलं मान्य करायचं नाही. कोणत्या पेटीत कोणतं तेल, जीएल किती, नंबर किती, लिटर किती, गाडीचं किलोमीटर किती, हे वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. पंचसूत्रीत लेखे ठेवणं आपल्याला येतंच. एक वही गाडीची. त्यात आणखी एक खाना पाडा : 'पाण्यात गेली'. तारीख आणि नाल्याचं नाव. ड्रायव्हरनं तो खाना भरला म्हणून त्याला बोल लावायचा नाही, उलट तपासणीचा अर्धा दिवस त्याला भरपगारी द्यायचा.

काढलेलं जुनं तेल हा शेवटचा प्रश्न, आणि पत्रांतून तो बऱ्याच जणींनी विचारलाय. वाळवी लागू नये म्हणून खांबाला, दाराला काळं तेल फासायची आपल्याकडं पद्धत आहे. जळणावर टाकायचीही. दोन्ही करू नका. त्यात झिजलेल्या धातूचे कण असतात, गंधकाची द्रव्यं असतात, ती हाताला लागतात, धुरातून पोरांच्या छातीत जातात आणि खांबावरून पावसानं ओघळून विहिरीकडे जातात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, ते नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवं. आपल्या हातात एवढं आहे की ते जुन्या डब्यात भरून, बूच लावून, त्यात पाणी किंवा डिझेल न मिसळता साठवायचं, आणि तालुक्याच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला द्यायचं, तिथं ते गोळा होतं. डब्यावर कोळशानं नाही, रंगानं लिहा 'जुनं तेल', आणि तो जवसाच्या किंवा टोरीच्या तेलाच्या डब्यांपासून लांब, गाडीच्या शेडमध्येच ठेवा. पोरं-बाळं डबा ओळखत नाहीत.

पुढच्या वेळी गाडीच्या विम्याबद्दल बोलू. तोवर ज्या ग्रामसंघांकडे फोर बाय फोर आहे त्यांनी येत्या बैठकीत गाडीची पुस्तिका मागवून तेलांचं पान वाचून घ्यावं. पुस्तिका ड्रायव्हरच्या सीटखाली नाहीतर समोरच्या खणात असते.